गावच्या दवाखान्याचा पैसा

एप्रिल २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि प्रत्येक आरोग्य उपकेंद्राच्या वाट्याला वर्षाचे १०,००० रुपये आले. सरकारी कागदांत त्याचं नाव अबंधित निधी. रक्कम किरकोळच होती, नवल होतं ते खात्याचं. बँकेतलं खातं नर्सबाई आणि सरपंच यांच्या संयुक्त नावाचं, चेकवर दोघांच्या सह्या, आणि पैसे कशावर घालायचे ते दोघांनी तिथल्या तिथे ठरवायचं. खिडक्यांचे पडदे, गळका नळ, गेलेला दिवा, बाळंतपणानंतर खोली धुऊन घेण्याची मजुरी, ब्लीचिंग पावडर, बँडेज, साथीच्या दिवसांत नमुने तालुक्याला पोचवण्याचं भाडं, अडलेल्या बाईला रात्री हलवायला लागणारी जीप, हे सगळं त्यात बसत होतं. पगार, वाहनखरेदी आणि ग्रामपंचायतीचा स्वतःचा खर्च तेवढा बसत नव्हता.

शहरातल्या वाचकाला यात काही विशेष वाटणार नाही. म्हणून पडद्याचंच घ्या. उपकेंद्राची खिडकी रस्त्यावर उघडते, समोर पारावर माणसं बसलेली. पडदा नसेल तर गरोदर बाई टेबलावर झोपून पोट तपासून घेत नाही, आणि नर्सबाईही आग्रह करत नाही. तीन वार कापडाचा प्रश्न. त्यासाठी आधी मागणीपत्र प्राथमिक आरोग्य केंद्राकडे जायचं, तिथून तालुक्याला, तिथून जिल्हा परिषदेत. मग दरपत्रकं, मग मंजुरी, तीही झालीच तर मार्चएंडच्या घाईत. पडदा लागेपर्यंत त्या बाईचं मूल रांगायला लागलेलं असायचं.

तीन वार कापड घेण्याचा अधिकार गावाच्या इतक्या जवळ यायला २००५ साल का उजाडावं लागलं? त्याआधी गावच्या औषधपाण्याचा पैसा येत कुठून होता आणि जात कुणाच्या हातून होता?

फार मागे गेलं तर पैसा नावाची गोष्ट यात फारशी नव्हतीच. सुईणीला धान्य, नारळ, खण किंवा लुगडं मिळायचं. गळू फोडण्यासारखी कामं न्हावी करायचा, तो बलुतेदार असल्यामुळे त्याचं वर्षाचं सुगीत चुकतं व्हायचं. नावाजलेल्या वैद्यांना पेशव्यांनी इनामं दिल्याच्या नोंदी दप्तरांत आहेत. या व्यवस्थेचं कौतुक करण्याचा मोह आवरलेला बरा. सुईण बहुतेक ठिकाणी ज्या जातीची असे, त्या जातीच्या बाईच्या स्वतःच्या बाळंतपणाला कोण धावत होतं, हे त्या दप्तरांत लिहिलेलं नाही.

रोख पैसा आला तो इंग्रजी अमलात, आणि तोही शेतसाऱ्याच्या पाठीवर बसून. मुंबई इलाख्यात १८६० च्या दशकात साऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा जादा वसूल होऊ लागला आणि १८६९ च्या कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब झालं. हाच लोकल फंड. सुरुवातीची वाटणी साधी होती, दोन हिस्से रस्त्यांना आणि एक हिस्सा शाळांना. दवाखान्याला उरल्यासुरल्यातून काही मिळालं तर मिळालं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या जिल्हा गॅझेटियरांत दवाखान्यांच्या नोंदी ओळीने लावलेल्या आहेत, कोणता कधी उघडला, वर्षात किती रुग्ण आले, खर्च किती झाला. वाचत गेलं की साचा कळतो. इमारत कुण्या शेठजीच्या देणगीतली, डॉक्टर सरकारी, रोजचा खर्च म्युनिसिपालिटीवर किंवा लोकल फंडावर. आणि दवाखाना जवळपास नेहमी तालुक्याच्या गावी, कचेरीच्या आसपास. आणा भरायचा खेड्यातल्या कुणब्याने, आणि औषधाची बाटली घ्यायला बैलगाडी जुंपून जायचंही त्यानेच. त्याच्या दारापर्यंत सरकारच्या आरोग्य खात्यातला एकच माणूस यायचा, देवी काढणारा.

१८८४ च्या कायद्याने लोकल बोर्डं आली, १९१९ च्या सुधारणांनी आरोग्य प्रांतांकडे सोपवलं गेलं. जबाबदारी खाली उतरली, तिच्याबरोबर उत्पन्न मात्र उतरलं नाही. या तंगीतून मद्रास प्रांताने १९२४ च्या सुमारास एक तोडगा काढला. सरकारी डॉक्टर नेमणं परवडत नाही, तर खाजगी डॉक्टरला वर्षाचं ठरावीक अनुदान देऊन खेड्यात बसवायचं. गरिबांना त्याने फुकट तपासायचं, बाकीच्यांकडून फी घ्यायची. ही तऱ्हा पुढे मुंबई इलाख्यातही आली आणि जिल्हा परिषदांच्या काळापर्यंत एस.एम.पी. सेंटर या नावाने टिकून राहिली. आज खाजगी भागीदारी म्हणून जे नव्याने मांडलं जातं, त्याचं हे पणजोबा. अनुदान थकलं की डॉक्टर शहरात परतायचा, हा अनुभवही तेव्हाचाच.

नाशिकला जन्मलेले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले सर जोसेफ भोर या गोष्टीत इथे येतात. १९४३ साली त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९४६ मध्ये तिचा चार खंडांचा अहवाल आला. पैसे नाहीत म्हणून कुणीही उपचारावाचून राहता कामा नये, हे त्या अहवालाचं पायाभूत तत्त्व. त्यासाठी करातून पैसा उभा करायचा आणि ४०,००० वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र द्यायचं, तेही तात्पुरती सोय म्हणून. दूरच्या आराखड्यात याहून किती तरी लहान वस्तीला ७५ खाटांचं रुग्णालय होतं. आजही मैदानी भागात ३०,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात २०,००० वस्तीला एक केंद्र हा निकष आहे. म्हणजे भोरसाहेबांनी ज्याला तात्पुरतं म्हटलं, त्याच्या जरा पुढे येऊन आपण थांबलो आहोत.

केंद्रं प्रत्यक्ष उभी राहू लागली ती २ ऑक्टोबर १९५२ ला सुरू झालेल्या सामूहिक विकास योजनेतून. शंभरेक गावांच्या एका गटाला एक केंद्र, सहा खाटा, एक डॉक्टर. योजनेला अमेरिकेचा पैसा होता. केंद्रांना जीप, उपकरणं आणि दुधाची भुकटी युनिसेफकडून यायची. जुन्या माणसांच्या तोंडी अजून 'युनिसेफची जीप' आहे. पुढे १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि ही केंद्रं त्यांच्याकडे गेली. वसंतराव नाईक समितीने घडवलेली ही रचना देशात नावाजली गेली ते योग्यच होतं. आरोग्य समितीचे सभापती आता जिल्ह्यातलेच निवडून आलेले पुढारी होते. मात्र अनुदान राज्याच्या लेखाशीर्षातून यायचं आणि जिल्हा परिषदेने बहुतांशी ते वाटायचं.

शीर्ष हा शब्द सरकारी आरोग्यसेवेत नुसता हिशेबाचा नाही. मलेरियाचा पैसा मलेरियाच्या शीर्षात, क्षयाचा क्षयाच्या, आणि साठच्या दशकापासून सगळ्यांत भरलेलं शीर्ष कुटुंबनियोजनाचं. उपकेंद्रातल्या नर्सबाईचा पगारच पुष्कळदा त्या शीर्षातून निघायचा. पगार ज्याचा, काम त्याचं. खोकल्याच्या म्हाताऱ्यापेक्षा ऑपरेशनची केस महत्त्वाची ठरली ती नर्सबाई वाईट होती म्हणून नव्हे. १९७६ साली याचा अतिरेक झाला. तलाठी, मास्तर, ग्रामसेवक सगळ्यांना टार्गेटं लागली. महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं, राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झालं नाही. तेव्हापासून पुढची कित्येक वर्षं सरकारी दवाखान्याची पायरी चढताना खेड्यातला पुरुष बिचकायचा. पैसा आहे पण त्यावर नाव दुसऱ्याच कशाचं आहे, याची किंमत पैशाच्या तुटवड्याइतकीच मोठी असते असं माझं मत याच काळाच्या वाचनातून झालं.

आणीबाणीनंतर २ ऑक्टोबर १९७७ ला जनता सरकारने उलट टोकाची योजना आणली. हजार वस्तीमागे गावातलाच एक माणूस निवडायचा, त्याला थोडं प्रशिक्षण, महिन्याला ५० रुपये मानधन आणि ५० रुपयांची औषधं. पुढे त्याचं नाव आरोग्य मार्गदर्शक झालं. निवडलेले बहुतेक पुरुष होते, त्यांतले कित्येक गावातल्या वजनदार माणसांच्या घरचे. औषधांचा पुरवठा आटला, मानधन तेवढंच राहिलं, योजना नावापुरती रेंगाळली. तरी पन्नास रुपयांची ही योजना मी थट्टेवारी नेणार नाही. औषध गावातच राहील आणि ते देणारा गावचाच असेल, हे सरकारने देशभर पहिल्यांदा तेव्हाच मान्य केलं.

त्याआधी ते जामखेडला करून दाखवलं गेलं होतं. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे त्या दुष्काळी तालुक्यात आले, तेव्हा लोकांनी डॉक्टरकी नंतर, आधी पाणी मागितलं. मग कूपनलिकांची कामं झाली, कामाच्या बदल्यात धान्य आलं, आणि त्यातून गावोगावी ज्या बाया पुढे आल्या, बऱ्याचशा निरक्षर आणि दलित, त्या आरोग्यसेविका झाल्या. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार या कामाला मिळाला. जामखेडचं नाव निघालं की सगळे त्या बायांबद्दल बोलतात, आणि बोलायलाच हवं. मला त्यातली दुसरी गोष्ट तितकीच मोलाची वाटते: कूपनलिकांवर झालेला खर्च तिथे आरोग्याचाच खर्च धरला गेला. कुठल्याही शीर्षात तो बसला नसता.

याच सुमाराला वर्धा जिल्ह्यात एक वेगळा प्रयोग चालू झाला. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाला गांधीजींच्या काळापासूनची परंपरा, १९६९ पासून तिथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था. तिथले डॉ. उल्हास जाजू आसपासच्या गावांत जात होते. त्यांच्या लक्षात आलं की मोफत सेवा गावाला सरकारी वाटते आणि विकतची सेवा सावकारी. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी गावांपुढे ठेवला ज्वारीचा विमा.

विमा रोखीत नाही, ज्वारीत. आणि हप्ता सुगीनंतर, जेव्हा कणगी भरलेली असते. भूमिहीन मजुराने कमी द्यायचं, जमीन असेल त्याने एकरागणिक जास्त. उपचार मात्र दोघांना सारखा. ऐपतीप्रमाणे भरायचं आणि गरजेप्रमाणे घ्यायचं, हे गावाला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. देवळाच्या भंडाऱ्याची वर्गणी अशीच गोळा होते. अट एकच, आणि ती कडक: गावातली निदान ७५ टक्के घरं सामील झाली पाहिजेत, नाही तर गाव योजनेत नाही. आजारी तेवढेच आत येतील आणि धडधाकट बाहेर राहतील ही कुठल्याही विम्याची दुखरी नस. तिच्यावर सेवाग्रामने इलाज शोधला तो गावकीच्या दबावात. कुणी आपलं पोतं दिलं नाही तर त्याला समजवायला शेजारी जाणार, डॉक्टर नव्हे.

जमलेली ज्वारी विकून आलेल्या पैशातून गावच्या आरोग्यसेवकाचं मानधन आणि औषधं भागायची. अचानक उद्भवलेल्या आजारात सभासदाला रुग्णालयात मोफत उपचार; मोतीबिंदू, हर्निया, नेहमीचं बाळंतपण अशा आधी कल्पना असलेल्या कामांत रुग्णानेही काही भार उचलायचा. आता थोडं कडू सत्य. रुग्णालयाचा खरा खर्च ज्वारीतून कधीच निघाला नाही, निघणारही नव्हता. संस्थेच्या खर्चाचा निम्मा वाटा केंद्र सरकारचा, पाव राज्याचा आणि पाव कस्तुरबा हेल्थ सोसायटीचा. त्यामुळे 'गाव आपल्या आरोग्याचा खर्च स्वतः उचलू शकतं' असं सांगणाऱ्यांनी सेवाग्रामचा दाखला देऊ नये. पोतं घालणारा माणूस दवाखान्यात याचक म्हणून जात नव्हता, हिशेब विचारायला उभा राहू शकत होता. ज्वारीने विकत घेतलं ते एवढंच, आणि ते पुष्कळ होतं.

नव्वदच्या दशकात वारं फिरलं. सरकारांकडे पैसा नव्हता आणि जागतिक बँकेचा सूर होता की वापरणाऱ्याने थोडं भरावं. १९९५ च्या सुमाराला इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात एक प्रयोग झाला. होळकरांच्या नावाच्या त्या भल्यामोठ्या दवाखान्यात उंदरांचा सुळसुळाट झाला होता. सुरतच्या प्लेगने सगळे धास्तावले असताना रुग्ण हलवून इमारत साफ केली गेली. मग ती तशीच राहावी म्हणून स्थानिक समिती नेमली आणि रुग्णांकडून घेतलेलं शुल्क भोपाळच्या तिजोरीत न पाठवता तिथेच खर्च करण्याची मुभा दिली. रुग्ण कल्याण समितीचा जन्म हा असा. महाराष्ट्रातही जागतिक बँकेच्या कर्जातून दशकाच्या अखेरीस आरोग्य प्रकल्प आला. त्याचा भर जिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांवर होता, उपकेंद्रांवर नव्हे. केसपेपरला पैसे, एक्स-रेला पैसे हे अंगवळणी पडलं. रक्कम किरकोळ, पण मजुरी बुडवून आलेल्याला खिडकीवरच पहिला अडसर. शेवटी १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याने सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार निःशुल्क केले. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्यात नव्हती.

आता २००५ च्या त्या १०,००० रुपयांकडे बघितलं की त्यांच्या नाडीत कुणाकुणाचं रक्त आहे ते दिसतं. पैसा तिथेच खर्च करण्याची मुभा इंदूरची, गावच्या बाईवर विश्वास जामखेडचा, गावाच्या वाट्याचा हट्ट सेवाग्रामचा. त्याच अभियानाने हजार वस्तीमागे एक आशा नेमली. पन्नास रुपयांच्या मार्गदर्शकाची ही मुलगी, फक्त हिला सुरुवातीला मानधनही नव्हतं, कामागणिक मोबदला. आपल्या मजुरीसाठी महाराष्ट्रातल्या आशा २०२३ साली संपावर होत्या.

पैसा आला तरी तो खर्च करण्याची सवय नव्हती. काही ठिकाणी नर्सबाईंना सरपंचाच्या सहीसाठी खेटे घालावे लागले, काही ठिकाणी सरपंचाला असं खातं आहे हेच ठाऊक नव्हतं. ऑडिटच्या धास्तीने वर्षभर हात न लावलेलं पासबुक आणि मार्चमध्ये एकदम घेतलेल्या खुर्च्या हेही झालं. २००७ पासून पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली तेव्हा यातलं बरंच चव्हाट्यावर आलं. गावकरी बसून दवाखान्याला हिरवा, पिवळा, लाल असे शेरे द्यायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर वाचून दाखवायचे. औषध बाहेरून आणायला का लावलं, निधी कशावर गेला, हे प्रश्न माइकवर विचारले गेले. सरकारी पैशाने सरकारलाच जाब विचारण्याची सोय करावी, हे फार वेळा घडत नाही.

दरम्यान मोठा पैसा दुसऱ्या वाटेने वळला होता. २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना आली, पुढच्या वर्षी राज्यभर. २०१७ पासून तिला महात्मा फुल्यांचं नाव आहे. दीड लाखाचं संरक्षण आता पाच लाखांचं झालं आहे. हृदयाचं ऑपरेशन झालेला शेतकरी या योजनेला दुवा देतो आणि त्यात खोटं काही नाही. पण पैसा कार्डाबरोबर चालतो, आणि कार्ड चालतं तिथे जिथे मोठी रुग्णालयं आहेत: पुणे, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर. सर्पदंश, ताप, अडलेलं बाळंतपण ज्या अर्ध्या तासात हातचं जातं, त्या अर्ध्या तासाला पाच लाखांचा उपयोग नाही. तिथे तालुक्यापर्यंतची जीप लागते.

जवळच्या पैशाची वाट आणखी अरुंद झाली ती १ जुलै २०२१ पासून. केंद्राच्या प्रत्येक योजनेचा निधी तेव्हापासून राज्यातल्या एकाच मुख्य खात्यात राहू लागला, खालची खाती शून्य शिल्लकीची आणि खर्चाला फक्त मर्यादा. बँकांत पडून राहणारा पैसा यामुळे आटोक्यात आला, हे कबूल. पण गावच्या खात्यात गावचा म्हणून असलेला आकडाही गेला. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत आरोग्यावर ७०,०५१ कोटी रुपये सुचवले. ते ज्या कामांसाठी, ती कामं मात्र वरूनच ठरून आली. लोकल फंडाचा आणा आठवावा असंच हे.

अपवाद आहेत. आदिवासी उपयोजनेतल्या निधीपैकी पाच टक्के अबंध निधी २०१५ पासून पेसा कायद्याखालच्या आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट मिळतो आणि त्यात आरोग्यावर खर्चाची मोकळीक आहे. चंद्रपूर, नागपूरसारख्या खाणींच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा आहे, आणि तो प्राधान्याने ज्यांवर घालायचा त्यांत आरोग्य आहे. कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायच्या दोन टक्के नफ्यातूनही काही येतं, बहुधा नाव रंगवलेल्या गाडीच्या रूपाने. तिच्या डिझेलचं आणि चालकाच्या पगाराचं पुढे काय, ते कुणी रंगवत नाही.

उपकेंद्रांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. जुने १०,००० जाऊन वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत अबंधित निधीची तरतूद आहे. तो खर्च करायला जन आरोग्य समिती आहे. तिचे अध्यक्ष सरपंच, सदस्य सचिव समुदाय आरोग्य अधिकारी. तुमचं गाव असेल, किंवा गावाकडे अजून मतदान असेल, तर २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत एक विषय लेखी देऊन ठेवा: जन आरोग्य समितीची शेवटची बैठक कधी झाली, या वर्षीची मर्यादा किती आली आणि ती कशावर खर्च झाली. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.